तीन डबे आणि एक पुणं

हिंगोलीतल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचे. लॅबच्या दोन शाखा, औंढ्याला आणि गोरेगावला. तिन्हीकडे आपापला सर्व्हर, म्हणजे टेबलाखाली मावणारा एक काळा डबा. त्या त्या ठिकाणचे रिपोर्ट त्याच्यातच. डबा रुसला की मी स्कूटी काढून निघायचे. औंढ्याला नागनाथाचं दर्शन व्हायचं, गोरेगावात गरम भजी. नोकरी मजेची होती.

एका उन्हाळ्यात औंढ्याचा डबा तापून कायमचा गेला. ताजे रिपोर्ट त्याच्याबरोबरच गेले. पेशंटना परत बोलवावं लागलं. तांड्यावरचे एक आजोबा बाही वर सारत म्हणाले, "काहून वो बाई, पहिलं रक्त सांडलं का?"

"न्हाई बाबा, रिपोर्ट हरवला."

"मंग रिपोर्ट हुडका की! रक्त काहून काढून राहिल्या?"

मला हसू फुटलं.

आमच्या डॉक्टरबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी सगळं पुण्याच्या एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये हलवलं. तिथं गारेगार हवा, जनरेटर, चोवीस तास माणसं. डबे बंद झाले, माझं फिरणंही. पण त्यानंतर एकही रिपोर्ट हरवला नाही, हे कबूल करायला हवं.

मग रस्ता रुंद करताना जेसीबीनं केबल तोडली आणि तिन्ही ठिकाणचं नेट एकदम गेलं. रिपोर्ट पुण्यात सुखरूप, आमच्या हातात एक नाही. गोरेगावच्या लॅबवाल्या ताईंचा फोन आला. समोर दिवस भरलेली बाई उभी होती. तिला हिंगोलीच्या दवाखान्यात जायचं होतं आणि रक्तगटाचा कागद हवा होता. मागून तिची नणंद ओरडत होती, "जीप सुटून राहिली वो!"

"नव्यानं तपासा," मी म्हटलं. ताईंनी जीप थांबवली, बोटाला सुई टोचली, गट पाहून कागदावर लिहून दिला. संध्याकाळी कळलं, मुलगी झाली, मायलेकी ठीक.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "मॅडम, ताजे रिपोर्ट त्या त्या गावच्या डब्यात ठेवू, सगळ्यांची प्रत पुण्यात."

"म्हणजे दोन्हीकडची तकलीफ आपणच घ्यायची?"

"व्हय. पण दोन्ही एकाच दिवशी यायच्या न्हाईत."

त्या म्हणाल्या, "औंढ्याला आधी कूलर बसव."