अर्धं राहिलेलं गाणं

"बाजू संपली," शेजारचे काका म्हणायचे आणि कॅसेट संपल्यावर टेपचं बटण उडतं तसा जिभेने टक् आवाज काढायचे. वीज गेली की टक्, बाजू संपली. काकूंशी वाद झाला की टक्. एकदा लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांचं भाषण लांबलं तेव्हाही त्यांनी टक् केलं, आणि काकूंनी सगळ्यांदेखत त्यांना चिमटा काढला. असा शेजारी तुम्हालाही भेटला असेल. पण त्याच्याकडे काकांसारखी कॅसेट नसणार.

खडकीला आमची क्वार्टर्स शेजारी शेजारी. काका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दिवसभर माल मोजून कागदावर 'तपासले' लिहून सही करायची आणि संध्याकाळी गॅलरीत टेप लावायचा. कायम एकच विलायती रॉक बँड. कॅसेट मित्राने भरून दिलेली, आणि शेवटच्या गाण्यात फीत संपलेली. गाणं ऐन रंगात आलं की टक्. पुढचं काकांनी कधी ऐकलंच नव्हतं. मूळ कॅसेट पुण्यात मिळेना, आणि तेवढ्यात बँडच फुटला.

मी इंजिनिअर झाले, हिंजवडीला नोकरीला लागले, गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि मोठ्या ऐटीत लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

"बंद कर आधी. माणसं जिवंत आहेत ना? मग त्यांच्याच समोर उभा राहून ऐकेन."

"अहो काका, ते तिकडे, तुम्ही खडकीला. कसं जमायचं?"

"मला घाई नाही."

मला रागच आला होता खरं तर. एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि काय सांगू, ते म्हातारे पुन्हा एकत्र आले आणि चक्क पुण्यात येणार म्हणून जाहीर झालं. मी दोन तिकिटं काढली. काका इस्त्रीचा शर्ट घालून, काकूंच्या गूळपोळ्यांचा डबा घेऊन निघाले. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, डबा आत नेता येणार नाही.

"मग तुम्ही खा," काका म्हणाले. "तपासलेल्या आहेत."

पहिल्या गाण्यापासून काका उड्या मारत होते. गुडघे दुखतात हे साफ विसरले. शब्द सगळे पाठ, अर्थ मात्र विचारू नका. शेजारची कॉलेजची पोरं "अंकल, कडक" म्हणत त्यांच्याबरोबर नाचायला लागली. मीही इतकी नाचले की चपलेचा अंगठा तुटला.

पण त्या गायकाला गाण्यापेक्षा बोलायची हौस भारी. आपल्याकडे दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद, आणि ते शेवटचं गाणं अजून व्हायचंच होतं. काका घड्याळ बघायला लागले.

"ह्याला कोणीतरी गप्प बसवा," ते म्हणाले.

दहाला सात मिनिटं कमी असताना गाणं सुरू झालं. काकांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठले. ती जागा आली. सवयीने त्यांनी टक् केलं, आणि गाणं पुढे गेलं. एक ओळ झाली, दुसरी झाली, आणि दहा वाजले. आयोजकांनी आवाज बंद केला.

इतकी वर्षं थांबलेला माणूस, त्याच्याकडे बघायचा धीर होईना. तेवढ्यात मागून कोणीतरी पुढची ओळ उचलली. मग पुढच्यांनी. बघता बघता अख्खं मैदान गायला लागलं. बँडमधले म्हातारे स्टेजच्या कडेला येऊन माइकशिवाय गात होते. एवढ्या गर्दीत शेवट न येणारे एकटे आमचे काका. तोंड उघडं, डोळ्यांना धारा, नुसते ऐकत होते.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"परत लावायला सांग," ते म्हणाले आणि हसत सुटले. खडकी येईपर्यंत आम्ही दोघं रिक्षात हसत होतो. रिक्षावाल्याला वाटलं असेल, हे काहीतरी पिऊन आलेत.

गेल्या वर्षी काका गेले. काकूंनी ती कॅसेट मला दिली. आतल्या कागदावर त्यांच्या सुबक अक्षरात गाण्यांची यादी आहे. शेवटच्या गाण्यापुढे निळ्या शाईत 'अपूर्ण' लिहिलेलं. ते पट्टी धरून खोडलंय, आणि शेजारी लाल शाईत नवीन शेरा: 'तपासले. पूर्ण.' खाली सही.