आक्काचं नाव मी इंग्रजीत घेतलं

"बाईंचा आवाज हवा. बाई दिसता कामा नये."

वकील हे बोलले ते माझ्याकडे बघून. आक्का त्यांच्यासमोरच उभी होती. पण तिच्याशी थेट बोलायचं नाही, जे सांगायचं ते माझ्यामार्फत, अशी त्यांची रीत. मग थिएटरच्या मॅनेजरनं रंगवलेला बागेचा पडदा सोडला. पडद्यामागं एक पोतं टाकलं. पोत्याच्या तिन्ही बाजूंना बांबूच्या तट्ट्या उभ्या केल्या. विंगेत उभ्या असलेल्या माणसांनाही ती दिसू नये म्हणून. आक्का आत गेली, मांडी घालून बसली, पदर सारखा केला.

वकील म्हणाले, "आणि खोकायचं नाही म्हणावं."

मी तट्टीच्या फटीतून आत बघितलं. निरोप सांगायची गरज नव्हती. तिनं ऐकलं होतं.

आक्का म्हणजे माझी आई. इंदापूरची गाणारीण. तिची आई गाणारीण, तिचीही आई गाणारीण. रावसाहेबांनी बारामतीला गुळाच्या पेठेजवळ पत्र्याचं नवं थिएटर बांधलं, तेव्हाची ही गोष्ट. रावसाहेब कन्हेरीचे. कालव्याच्या पाण्यावर त्यांचा ऊस. थिएटरचं उद्घाटन करायला गोरे प्रांतसाहेब येणार होते आणि गावातली शिकलेली मंडळी संगीत नाटक करणार होती. विशेष म्हणजे नायिकेचं काम वकिलांची पुतणी करणार होती. तोवर गावात बायकांची कामं पुरुषच करत. घरंदाज मुलगी रंगभूमीवर! वकील सगळ्यांना सांगत फिरत होते की बारामती पुण्याच्या पुढं गेली.

पुतणी दिसायला चांगली. बोलायचीही स्वच्छ. पण गळा नव्हता. म्हणून ठरलं की पुढं तिनं ओठ हलवायचे आणि मागून आक्कानं गायचं. नाटकातल्या मंडळींना हे ठाऊक. गावाला नाही.

आक्का कबूल का झाली, हे मला तिनं सांगितलं नव्हतं. मी पुण्यात मिशनच्या शाळेत, बोर्डिंगात; तेव्हा सुट्टीवर आले होते. सगळं शिक्षण इंग्रजीतून. गाणारणीच्या पोरीला तिथं कुणी उभं केलं नसतं. रावसाहेबांनी शब्द टाकला म्हणून घेतलं, आणि तो शब्द दर वर्षी नव्यानं टाकावा लागे. माझी मॅट्रिक अजून व्हायची होती. तालमीच्या पहिल्या दिवशी वकीलच मला हसत हसत म्हणाले, "तुझ्या शाळेसाठी बसलीय ती पोत्यावर. तेव्हा तूही जरा नीट वाग."

कुणी मला वाईट वागवत नव्हतं. मला बसायला खुर्ची होती. हेच टोचायचं.

तालमीत एक घोटाळा रोज व्हायचा. आक्काची तान संपायच्या आत पुतणीचं तोंड मिटायचं. आवाज चालू आणि ओठ बंद. पेटीवाले कपाळाला हात लावायचे.

"आक्का, तान आवरा. पोरगी तोंड मिटतीय."

आक्का आतूनच म्हणायची, "मग तिला म्हणावं उघडं ठेव. माशी न्हाय जायाची."

सगळे हसायचे. पुतणीही हसायची. मग आक्का तान तोडायची. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या ताना तिनं त्या तट्ट्यांच्या आत अर्ध्यावर मोडल्या. मी खुर्चीत बसून मोडताना ऐकल्या.

माझं काम वेगळं होतं. दुसऱ्या अंकानंतर प्रांतसाहेबांना हार घालायचा आणि इंग्रजीत मानपत्र वाचायचं. वकिलांनी ते स्वतः लिहिलं होतं. गावात दुसरी कुठली मुलगी इंग्रजी वाचणारी नव्हती, म्हणून मी. माझी ओळख करून द्यायची ती 'रावसाहेबांच्या आश्रयानं शिकलेली मुलगी' अशी. आई कोण, हे कुणी विचारलं तर गप्प राहायचं. गप्प राहणं मला चांगलं जमायचं. मी हो म्हणाले.

साहेबांना परत जायचं होतं म्हणून नाटक दुपारीच लावलं. पत्रा तापलेला. घरंदाज बायका बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्यामागं पंखे हलवत बसलेल्या. आक्का गायली. चिकामागून बायका म्हणत होत्या, "काय गळा आहे पोरीचा!" वकील मान हलवत होते, जणू गळा त्यांनीच घडवला.

दुसरा अंक संपला. मला पुढं उभं केलं. माझ्या पाठीमागं बागेचा पडदा आणि पडद्यामागं आक्का. मी वाचत गेले. मध्ये एक वाक्य होतं: आज आपण ऐकलेला मधुर आवाज एका कुलीन कन्येचा आहे, हेच आमच्या प्रगतीचं लक्षण.

ते वाक्य मला वाचवेना. तालमीत मी ते कितीदा वाचलं होतं. तेव्हा आक्काचा श्वास असा पाठीशी ऐकू येत नव्हता.

मी कागद खाली केला. इंग्रजीतच म्हणाले, "हा आवाज या मुलीचा नाही. माझ्या आईचा आहे. ती गाणारीण आहे. या पडद्यामागं पोत्यावर बसली आहे." आणि तिचं नाव घेतलं, पूर्ण.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी वकिलांकडे बघितलं. वकिलांचा चेहरा पांढरा पडला, पण क्षणभरच. ते उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "मुलीनं साहेबांचे आणि रावसाहेबांचे उपकार स्मरून आभार मानले आहेत!"

टाळ्या पडल्या. पत्र्याखाली केवढा आवाज होतो टाळ्यांचा. मी उभी. मला तोंड होतं. मराठी येत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी हार घातला आणि खाली उतरले.

तिसऱ्या अंकातही आक्का गायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरच्या मोटारीत आक्कानं तिकिटं कनवटीला खोचली. मग म्हणाली, "माझं नाव घेतलंस. इंग्रजीत. शिव्या दिल्यास का काय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मग आपल्या भाषेत का न्हाय बोललीस? समोर समदी आपलीच माणसं बसली व्हती."

मी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली.

"भ्यालीस," ती म्हणाली. "कुणाला कळणार न्हाय म्हणून बोललीस."

खरं होतं. माझ्या शाळेसाठी तिनं ताना मोडल्या, आणि त्या शाळेनं दिलेली भाषा मी बुरख्यासारखी वापरली. वकिलांनी तिचं तोंड लपवलं. मी तिचं नाव घेतलं, पण का घेतलं ते तिलाच कळणार नाही अशा भाषेत. आणि तिला विचारलंही नाही.

रावसाहेबांनी शब्द मागं घेतला. माझी शाळा सुटली. आक्काच्या बारामतीतल्या गाण्याच्या बैठकाही बंद झाल्या. ती एका तमाशाबरोबर जत्रांतून फिरू लागली. निरवांगीच्या जत्रेत उघड्या माळावर ती गायली तेव्हा मी शेवटच्या रांगेमागं उभी होते. वाऱ्यावर आवाज पोचवायला तिला ओरडावं लागत होतं. गळा फाटत होता. माझ्यामुळं.

दिवाळीनंतर मॅनेजर आमच्या दारात आला. नवं नाटक बसत होतं. लोक म्हणत होते, वकिलांच्या पुतणीचा तो आवाज पुन्हा ऐकवा.

"रावसाहेब राग विसरलेत," तो म्हणाला. "पोरीच्या शाळेचंबी बघतील. पोत्याच्या जागी सतरंजी टाकू."

आक्का शेंगा फोडत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, "आक्का, काय सांगू?"

"तुझी शाळा हाय त्यात. तूच बोल. मी ऐकती हितं. पर मला कळंल असं बोल."

मी म्हणाले, "आक्का पडद्यामागं बसणार नाही. पुढं उभी राहील, जाहिरातीत तिचं नाव लागेल, तर गाईल. नाहीतर नाही."

"पोरी, शाळेचा इचार कर."

"केला."

तो आक्काकडे वळून हसला. "बघा आक्का, पोरगी तुमची भाकरी घालवतीय."

"व्हय," आक्का शेंगेवरची नजर न काढता म्हणाली. "घालवू द्या. तिचीबी तीच भाकरी हाय."

तो गेला. तिच्या नावाची जाहिरात लागली नाही. आक्का अजून जत्रांतून गाते, आणि आता मधेच तिला खोकला येतो. माझ्यावरचं ओझं उतरलेलं नाही. ते उतरावं म्हणून मी हे लिहीत नाही.

त्या थिएटरचं दार रावसाहेबांचं असेल, रस्ता त्यांचा नाही. नवं नाटक लागेल त्या दिवशी मी त्या दारासमोर उभी राहीन. आक्काला विचारलं आहे, ती हो म्हणाली आहे. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला मी थांबवून सांगेन की तो गळा कुणाचा होता. मराठीत सांगेन. मोठ्यानं. इंग्रजी मला येतं, ते मी विसरणार नाही. पण त्याच्या आड पुन्हा उभी राहणार नाही.