नानांचं शेवटचं प्यादं

नाना काल गेले आणि मला रडू आलं नाही.

सकाळपासून गावच्या ग्रुपवर मला टॅग करणं चालू आहे.
"नानांनी कधी जातपात पाळली नाही. त्या काळात याला समोर बसवून बुद्धिबळ शिकवलं."
खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

समोर बसवलं, हे खरं आहे. पुढचं मी सांगतो.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. बेंबळीच्या पलीकडचं आमचं गाव. नाना दूध सोसायटीचे सेक्रेटरी. मी तिथं दुधाचं फॅट तपासायला नवा नवा लागलेलो, आमच्या वस्तीतला पहिला पगारदार. आम्ही बौद्ध, घर गावाच्या खालच्या अंगाला.

चारा संपला, लोकांनी जनावरं विकली, दूध आटलं. सकाळी नऊलाच सोसायटीतलं काम उरकायचं.
मग नाना कपाटातून पट काढायचे.

मला घोडा कसा चालतो हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी शिकवलं. ते मी नाकारत नाही.

पैजही त्यांनीच लावली. टँकर एक दिवसाआड यायचा. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या घरी एक घागर पोचवायची.

"म्या हरलो तर म्या आणीन की तुझ्या घरला पाणी," नाना चारचौघांत म्हणाले.
लोकांनी माना डोलावल्या. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!

पहिला डाव हरलो. दुसरा हरलो. पुढं पुढं मोजणंच सोडलं.

प्रत्येक वेळी घागर खांद्यावर घेऊन भर गावातून नानांच्या दारापर्यंत. आत नाही. बाहेर म्हशीचा हौद होता, त्यात ओतायची.
माझ्या हातचं पाणी त्या घरात फक्त म्हशीला चालायचं.

सतत हरणारा माणूस काय काय करतो, ते मला विचारा.
आधी मी काळ्या मोहऱ्यांना दोष दिला. मग खिडकीतून येणाऱ्या उन्हाला. मग सकाळी चहा न मिळाल्याला. नाचता येईना, अंगण वाकडं!
मग घरी फरशीवर कोळशानं पट आखला आणि चिंचोके, खडे मांडून दोन्ही बाजूंनी मीच खेळायला लागलो.

आई एकदा बराच वेळ बघत बसली.
"अरं, एकट्याशी बी हरायलास व्हय?"

त्या दिवशी आम्ही दोघं पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी मी परत हरलो.

मला एकच डाव हवा होता. नाना खांद्यावर घागर घेऊन आमच्या वस्तीत आलेत आणि आईच्या रांजणात पाणी ओततायत, एवढं मला एकदा बघायचं होतं.

आमच्याकडच्या जुन्या खेळात एक नियम आहे. समोरच्याचं सगळं मारून राजा एकटा पाडला, तर डाव बुर्जी. म्हणजे कुणीच जिंकत नाही. मात द्यायची तर त्याचं एक तरी प्यादं जिवंत ठेवावं लागतं. हे नानांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं.

आणि मग तो दिवस आला. नानांचा राजा आणि एक प्यादं उरलं. माझा वजीर आणि दोन्ही हत्ती शाबूत. दोन चालींत मात दिसत होती.

माणसं गोळा झाली. सोसायटीचा शिपाई पळत आमच्या घरी गेला. "मावशी, रांजण धुऊन ठेवा! नाना पाणी घिऊन यायलेत!"

नानांच्या कपाळावर घाम. त्यांनी प्यादं एक घर पुढं सरकवलं, बरोबर माझ्या हत्तीच्या तोंडी.

इतके महिने मार खाल्लेला माणूस मी. फुकटचं प्यादं दिसलं आणि हात गेला.
उचलतानाच कळलं. मी ते परत ठेवायला लागलो.

"हात लावलास न्हवं?" नाना म्हणाले. "आता मारावंच लागंल."

मारलं.

"बुर्जी! ना तू जितलास, ना म्या. आज पाणी कुणालाच न्हाय."

सगळे हसले. नानांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. तेव्हा मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. मोठ्या संकटातून सुटलेल्या माणसाचा चेहरा होता तो. आमच्या वस्तीत यायचं टळलं होतं.

घरी गेलो. आईनं अंगण झाडलेलं, रांजण घासून पालथा घातलेला. ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी.

मी बुर्जी म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो.
"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू जितशील म्हनून न्हाय उभी ऱ्हायले म्या. त्यो येतोय म्हनून उभी ऱ्हायले."

आणि आत जाऊन लुगडं बदललं.

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधीच सोसायटीत हजर. पट निघाला नाही.
"नाना, डाव मांडायचा न्हाय?"
"न्हाय. तू शिकलास आता. शिकलेल्यासंगं म्या खेळत नसतो."

त्यानंतर ते माझ्याशी कधीच खेळले नाहीत. मी हरत होतो तोवर मी त्यांचा लाडका होतो.

गावानं याला गुरूचा मोठेपणा म्हटलं. आज ग्रुपवर तेच चालू आहे आणि पुरावा म्हणून माझं नाव.

उद्याच्या शोकसभेत मी दोन शब्द बोलावेत असा निरोप आलाय. मी जाणार नाही. माझे दोन शब्द तिथं ऐकवणार नाहीत.

नाना, तुम्ही माझ्याशी एकही डाव हरला नाहीत, हे मी कुठंही कबूल करीन. पण आई वारली तोवर आमच्या वस्तीची वाट तुम्हाला सापडली नाही. एवढंसं अंतर होतं हो.

तुम्हाला श्रद्धांजली. भावपूर्ण मात्र म्हणवत नाही.