अक्कांनी मागे सारलेलं पान

अक्का ज्या वस्तीत भाकरी खात, त्याच वस्तीत भाषण करत. "जिथं जेवणार नाही, तिथं समतेवर बोलायचा मला हक्क नाही," हा त्यांचा दंडक. त्या धुळ्याकडच्या पाटलांची लेक, लग्न होऊन असोद्याला आलेल्या. आमच्या बौद्धवस्तीत आल्या की आधी चुलीपाशी बसत. "तिखट चालेल ना?" आई विचारायची. "माले बठ्ठं चालस, माय!" अक्का हसत. बठ्ठं म्हणजे सगळं. मी अक्षरं जोडायला शिकलो ती त्यांच्या पत्रकांवर.

पुढे त्या बदलल्या. सभेत दाराजवळ बसत, भाषण अर्धवट टाकून घाईने घरी जात. जळगावची बस धरणं बंद झालं. फैजपूरच्या मोर्चाला आल्या नाहीत. आमच्याकडे जेवणं तर थांबलंच.

हिवाळ्यात वस्तीची भरीत पार्टी झाली. शेतात वांगी भाजली, केळीच्या पानावर भरीत वाढलं. अक्कांनी पान हलकेच मागे सारलं. "पोट भरलंय."

आई सगळ्यांदेखत म्हणाली, "का वं अक्का, आता आमच्या हातचं बाटतं का?"

अक्कांनी पान ओढलं आणि भराभर चार घास खाल्ले. थोड्याच वेळात त्या उठल्या, तुरीच्या आडोशाला धावल्या आणि तिकडून परस्पर घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं, 'पाटलीण खाल्लेलं ओकायला गेली.' खाल्लं नाही तर जात दिसायची. खाल्लं तर हे.

पुढच्या सभेला त्या आल्या तेव्हा कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. अक्का उभ्या राहिल्या. "मला शौचाला रक्त पडतं," त्या म्हणाल्या. "मोठ्या आतड्याला सूज आहे. बसमध्ये बसवत नाही, शेतात थांबवत नाही. घरच्या संडासाला दावं लावून बांधल्यासारखी झालेय मी."

पुरुषांनी माना खाली घातल्या. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"हसा. डॉक्टर सांगतात, आतड्यात असंख्य जंतू असतात, बहुतेक आपल्या कामाचे. काही मात्र विष सोडतात. त्या विषानं आतड्याच्या अस्तराखालच्या पहारेकरी पेशी मरतात. मग बाकीचे जंतू आत घुसतात, आणि त्यांच्याशी लढता लढता शरीर आपलंच आतडं जाळतं. सगळा दोष विषाचाच, असं अजून ठरलेलं नाही. पण त्याचा हात असावा असं दिसतंय. माझ्या पोटात हे चाललंय. जातीचा त्यात काही संबंध नाही."

आई ताडकन उठली. "मोर्चात साहेबांना दम देता आणि मला एवढं सांगता येईना?"

"लाज वाटली, माय."

मी रागावणार तरी कोणावर? बाईने पोटाचं दुखणं चारचौघांत बोलू नये, हा नियम आम्हीच पाळत आलो होतो, मोर्चातसुद्धा.

औषधांनी उतार पडला, पण अक्का पूर्वीसारख्या हिंडल्या नाहीत. मुलाने त्यांना नाशिकला नेलं. 'आजार ही सबब होती,' असं म्हणणारे वस्तीत अजून आहेत. त्यांच्याशी मी कडाडून भांडतो. पण माझ्यासमोर कोणी ताट मागे सारलं, तर आधी त्याला बाजूला नेऊन हळूच विचारतो, "बरं नाही का?" भांडायचंच असेल, तर उत्तर ऐकल्यावर.