टेकडीवरचं चॅपल आणि आईचे बूट

"मी खाली गाडीतच बसेन," असं म्हणत आईने नवे बूट पुन्हा खोक्यात ठेवले.

काल संध्याकाळी ॲरिझोनातल्या हॉटेलात आम्ही सकाळचा बेत आखत होतो. लाल टेकडीवर एक छोटं चॅपल आहे. वाट सोपी आहे, फक्त ऊन चढायच्या आत निघायचं. आई सांगलीहून पहिल्यांदाच अमेरिकेत आमच्याकडे आली आहे, आणि हा ट्रेक मी तिच्यासाठीच ठरवला होता.

"गुडघे दुखतायत का?" मी विचारलं.

"गुडघ्यांना काय झालंय? तू दाखवलेल्या चॅपलच्या फोटोत सगळे बूट घालून आत उभे आहेत. देवाच्या दारात! मला नाही जमायचं. आणि अनवाणी चढायचं तर वाटेत काटे."

मंदार, माझा नवरा, म्हणाला, "आई, बूट दारात काढा ना. कोण अडवतंय?"

"लोक हसतील, जावईबापू."

"हसू देत. मी पण काढतो."

आईने त्याच्या पायांकडे पाहिलं. "मोजे धुतलेले आहेत का तुमचे?"

तुमच्याकडे आलेले आईबाबा कशावर अडून बसतात?

आज सकाळी चॅपलच्या दाराबाहेर बुटांचे तीन जोड होते. आतली फरशी गार होती.