सत्यवतीचं मडकं

सत्यवती भिंगारदिवे बहारीनमधल्या ईसा टाउनमध्ये शाळेच्या बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करते. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण तिच्या एका ‘यल्ला, चला, खाली बसा!’नं चाळीस पोरांची बस चिडीचूप होते. नवरा संतोष ड्रायव्हर. अकरा वर्षांत त्यानं कंपनीच्या साहेबांना ‘जी साहेब’ याखेरीज फारसं काही ऐकवलेलं नाही. देवानं जोडी लावताना दोघांचाही आवाज हिलाच देऊन टाकला, असं मंडळीत गमतीनं म्हणतात.

मंडळी म्हणजे इथल्या मराठी ख्रिस्ती लोकांची उपासना मंडळी. सभासद त्रेचाळीस: ड्रायव्हर, नर्स, घरकामाच्या बाया, दोन-चार इंजिनिअर. दर शुक्रवारी सगळे चर्चमागच्या हॉलमध्ये जमतात. मंडळीला स्वतःची तीन पानांची घटना आहे. तिच्याप्रमाणे कुणालाही सलग दोनदाच अध्यक्ष होता येतं, आणि एका सभासदानंही मागितलं तर मतदान गुप्त घ्यावं लागतं.

गुप्त मतदानाची रीत सत्यवतीनं नगर जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या मंडळीतून आणली, कारण निम्म्या बायांना चिठ्ठी लिहिता येत नव्हती. प्रत्येकाच्या हातात एक ज्वारीचा दाणा आणि एक हरभरा द्यायचा. ज्वारी म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. पडद्याआड जाऊन एक दाणा मडक्यात टाकायचा, उरलेला शेजारच्या झाकलेल्या डब्यात. मडक्याच्या तळाशी फडकं घालायचं, कारण हरभरा पडला की वाजतो. ही अक्कल तिच्या गावच्या म्हाताऱ्यांची, आणि तिला तिचा फार अभिमान.

यंदा अध्यक्ष गौरव साळवे यांची दुसरी मुदत संपत होती. माणूस भला होता, आजारपणात धावून जाणारा. पण ते ट्रान्सपोर्ट कंपनीचे मॅनेजर, आणि मंडळीतले नऊ ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली. संतोष त्यातलाच. त्याचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता, आणि कागद पुढे जायचा तर सही साळवेसाहेबांची लागणार होती.

वार्षिक सभेत शांतवनकाका उठले. मंडळीतले सगळ्यात वडीलधारे.

‘‘असा अध्यक्ष पुन्हा मिळायचा नाही. ते दोन मुदतींचं कलम काढून टाकू. देवाच्या घरात राजकारण कशाला? करा हात वर, खलास!’’

भराभर हात वर गेले. संतोषचा सगळ्यांच्या आधी. एकच हात खाली होता, आणि तो नेमका त्याच्या शेजारी.

‘‘अगं, कर की वर,’’ तो कुजबुजला. ‘‘व्हिसा हाये माझा.’’

सत्यवती हात वर करायच्या ऐवजी उठूनच उभी राहिली. ‘‘मला गुप्त मतदान पाहिजे.’’

हिला आत्ताच घटना आठवायची होती? परत गावी जाऊन काय करायचं, हे संतोष मनातल्या मनात ठरवायलाही लागला.

साळवेसाहेबांना लागलं. ‘‘सत्यवतीताई, तुमचा माझ्यावर विश्वास नाही?’’

‘‘तुमच्यावर हाये, साहेब. पापावर न्हाई. ते तुमच्यात बी हाये अन् माझ्यात बी. म्हणून तर मुदत लागती.’’

‘‘अगं, त्यांना देवानं नेमलंय!’’ शांतवनकाका तडकले.

‘‘देवानं नेमलं असंल तर दाणे मोजायला कशाला भ्यायचं, काका? प्रेषितांनी बी सात सेवक आपल्या मनानं नेमले न्हाईत, लोकांनाच निवडायला लावले. दावीद राजा तर देवाचा लाडका, तरी नाथान संदेष्ट्यानं त्याला तोंडावर जाब विचारलाच की. आन आत्ता हात वर करताना कोण कुणाकडं बघत होतं, ते मी बघितलंय.’’

गुप्त मतदानाचं कलम घटनेतच होतं, टाळता येईना. मडकं आलं.

आपली पाळी आल्यावर संतोष पडद्याआड गेला. तळहातावर दोन दाणे. बाहेर साहेब होते, बायको होती, आठ ड्रायव्हर होते; आत त्याच्याकडे बघणारं कुणीच नव्हतं. साहेब भले आहेत, हे त्याला ठाऊक होतं. पण त्यांच्यासमोर आपला हात आपल्याला न विचारताच वर गेला, हेही त्याला आत्ता कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं हरभरा मडक्यात टाकला. आवाज झाला नाही.

मोजणी सगळ्यांसमोर झाली. ज्वारी सतरा, हरभरे सव्वीस. शांतवनकाकांनी पुन्हा मोजायला लावलं, तरी तेवढेच.

साळवेसाहेबांचा चेहरा उतरला. पण ते उठले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, ‘‘कलम राहील. मी पद सोडतो.’’ टाळी पहिली सत्यवतीनं वाजवली, आणि तीही त्यांच्यासाठी.

गाड्यांपाशी साहेबांनी संतोषला गाठलं. ‘‘संतोष, खरं सांग. तू काय टाकलंस?’’

जीभ सवयीनं ‘जी साहेब’कडे वळली होती. संतोषनं ती आवरली. ‘‘साहेब, मतदान गुप्त होतं.’’

साळवेसाहेब मान खाली घालून म्हणाले, ‘‘चुकलं माझं. विचारायला नको होतं. व्हिसाचे कागद उद्या आणून दे, सही करतो.’’

गाडी हायवेला लागली. सत्यवतीला काही राहवेना.

‘‘अहो, मला तरी सांगा. ज्वारी की हरभरा?’’

‘‘तुला बी न्हाई सांगणार,’’ संतोष म्हणाला.

आणि चाळीस पोरांना गप्प करणारी ती बाई अभिमानानं फुलून घरापर्यंत गप्प बसली.