बयाबाईची रिकामी गोफण

बयाबाईनं गोफणीच्या एका गोट्यात नवरा गारद केला, ही बातमी विंझरच्या दुकानात रंगात आली होती, तेव्हा तो गारद झालेला बिरू तिथंच तंबाखू घेत उभा होता. सांगणारा नेमका त्याच्या डाव्या अंगाला. डावा कान तेवढा मेलेला. बाकी गडी ठणठणीत!

घडलं होतं एकोणपन्नास साली. वरच्या धनगरवाड्यावर नवी नांदायला आलेली बया मेंढरं वळवायला गोफण शिकत होती. गोफणीचा फास बोटात अडकवायचा अन् दुसरं टोक ऐन वेळी सोडायचं, एवढीच विद्या. पण लग्नातली अंगठी आड येई, फास बसेना. अंगठी काढणं अशुभ, म्हणून तिनं फास नुसता मुठीत धरला. हात कसा फिरतो ते बघायला बिरू मागं उभा. तिसऱ्या गरक्याला मूठ सुटली, गोफणीसकट गोटा मागं बिरूच्या डाव्या कानावर गेला. कच्चं मडकं फुटावं तसा आवाज झाला.

अंगठी त्याच दिवशी उतरली. त्यानंतर बया गोटा न घालताच गोफण फिरवी. नुसत्या फटकाऱ्यानं मेंढरं वळत. तरी हात उचलण्याआधी ती मागं बघे. मागं नुसता माळ. पण तोंड पुढं केलं की मानेवर काटा येई: कुणीतरी उभं आहे, डावी बाजू रक्तानं भिजलेली. बिरू भोरच्या बाजाराला गेला असला, तरी उभं आहेच.

पंचावन्न साली भर दुपारी ओढ्यातून लांडगा वर आला. दोन वर्षं गाभण न राहता यंदा व्यायलेल्या मेंढीचं आठ दिवसांचं कोकरू त्याच्या समोर. बयानं सहा वर्षांनी गोफणीत गोटा घातला. फास बोटात, नीट. हात वर गेला अन् मान शहारली. तिनं वळून बघितलं. कुणी नाही. पुढं वळली, पुन्हा तेच. पुन्हा वळली. तेवढ्यात कोकरू गेलं.

संध्याकाळी जाऊ कमळाबाईनं चारचौघांत तोंड सोडलं, "अगं बये, मागं काय सोनं पुरलंय व्हय तुझं? गोटा हातात असून कोकरू घालवलंस!"

बिरू उजवा कान पुढं करून बायकोकडं बघत राहिला.

बया म्हणाली, "गेलं ते दिसलं मला. पर मागं मानूस हाय का न्हाई, ते म्या दोनदा बघनार. उद्या लांडगा आला तरी बघनार."